बिरादार बाईंची तीन बोटं

नीरज, मागच्या रविवारी आपण व्हिडिओवर बोलत होतो आणि ईरा तुझ्या मागे भांडी आवरत होती. तुझ्या टेबलावर कॉफीच्या मगाशेजारी एक चपटी गोल डबी होती. मी विचारलं, हे काय? तू हसून म्हणालास, "आजी, घाबरू नकोस, यात तंबाखू नाही." छोट्या पांढऱ्या पुड्या असतात, ओठाखाली ठेवायच्या, धूर नाही, वास नाही, रात्री अभ्यासाला बरं पडतं, वर्गातले निम्मे ठेवतात. मी त्यावर काही बोलले नाही. मग ईराच्या नव्या नोकरीचा विषय निघाला आणि आपण तेच बोलत राहिलो.

बोलले नाही, कारण मला बिरादार बाई आठवल्या. तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलं आहे. लहानपणी सुट्टीत नांदेडला आलात की शेजारच्या फाटकातून ज्या बाई तुम्हाला हाक मारायच्या आणि लिमलेटची गोळी देण्याआधी तोंडात बोटं घालायला लावायच्या, त्या. ईरा त्यांना बोटंवाली आजी म्हणायची. त्यांच्याविषयी मी कधी नीट सांगितलं नाही. आज सांगते.

विष्णुपुरीच्या रस्त्यावर आमची कॉलनी झाली तेव्हापासून त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. माहेर चाकूरकडचं, शेतकऱ्याचं. सासर मुखेडचं. त्या मुखेडच्या पलीकडे एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापिका होत्या. आठवडाभर मुखेडला खोली करून राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या एसटीने नांदेडला यायच्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, आवाज मैदानावर कमावलेला. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची म्हणून मला 'मॅडम' म्हणायच्या, आणि मी त्यांना 'बाई'. तीस वर्षं शेजार झाला तरी या हाकांमध्ये फरक पडला नाही.

त्यांचे यजमान नांदेडला एका कचेरीत कारकून होते. शांत माणूस. खिशात गुटख्याची पुडी आणि बोलताना मान किंचित वर, म्हणजे तोंडातलं सांडू नये. मग त्यांना तिखट सोसेना. मग भाकरीचा घास मोठा होऊ लागला. बाई मला सांगायला आल्या तेव्हा ते वरणात भात कालवून चमच्याने ओढून घेत होते, कारण तोंड चमच्यापुरतंच उघडत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना स्वतःची बोटं एकावर एक ठेवून दातांमध्ये उभी घालायला सांगितली. निरोगी माणसाची तीन जातात. यांचं एक गेलं, तेही अडकत.

"एकच बोट, मॅडम," बाई मला म्हणाल्या. "चार वर्षं झाले ह्या मानसाचं तोंड मिटून राहिलंय आन् मी रोज समोर ताट ठिवते. मला कुनी आधी सांगितलं असतं की असं बगायचं असतंय, तर."

त्यातच पुढे यजमान गेले. तेराव्यानंतरच्या सोमवारी बाई शाळेवर हजर झाल्या, आणि तेव्हापासून ती तीन बोटं सुरू झाली.

त्यांच्यासमोर आलेल्या कुणाचीही सुटका नव्हती. एसटीचा कंडक्टर, गॅसची टाकी आणणारा, मुलगी बघायला आलेले पाहुणे. "राम राम. घाला बरं तीन बोटं." कुणी लाजलं तर म्हणायच्या, "घर रोज झाडता, आंगन झाडता. तोंड कोन झाडायचं?" गाल फुगलेला दिसला की लांबूनच विचारायच्या, "काय ठिवलंय रे गालात, पापड?" लग्नाच्या मांडवात पानसुपारीचं तबक फिरायला लागलं की ते त्या मधल्यामध्ये ताब्यात घ्यायच्या आणि पिशवीतली बडीशेप त्यात ओतून पुढे पाठवायच्या. वरमायांनी त्यांच्याशी किती वेळा अबोला धरला याची गणती नाही.

शाळा तंबाखूमुक्त करायचा हुकूम सरकारी कागदावर बऱ्याच शाळांत आला. बाईंच्या शाळेत तो खरा झाला. फाटकावर फलक लागला. रस्त्यावर शाळेपासून शंभर यार्डांवर पिवळी रेघ ओढायची होती, ती त्यांनी स्वतः डबा-ब्रश घेऊन ओढली. उद्घाटनाला गावचे एक पुढारी बोलावले होते. मीही गेले होते, पाहुणी म्हणून. तंबाखू न खाण्याची शपथ पाहुण्यांनी सगळ्यांना द्यायची असा कार्यक्रम होता. बाईंनी माईक पुढे केला. पुढारी उठले, माईक हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. तोंड भरलेलं होतं. सगळी शाळा हात पुढे करून थांबलेली. शेवटी ते मान वर करून, ओठ मिटून, मंचाच्या मागे गेले.

बाईंनी माईक परत घेतला आणि त्याच मैदानी आवाजात म्हणाल्या, "हात खाली नका करू. साहेब तोंड रिकामं करायला गेलेत, आत्ता येतेत."

साहेब आले. शपथही दिली. पुढच्या वर्षी बाईंची बदली करायचा प्रयत्न झाला आणि गावाने तो हाणून पाडला.

या गोष्टीत दुसरा एकच माणूस लक्षात ठेवा. मारोती. शाळेच्या फाटकासमोर त्याची टपरी होती. बाईंचाच जुना विद्यार्थी, चौथीपर्यंत शिकलेला. पिवळी रेघ ओढल्यावर टपरी हलवणं भाग होतं. तो तावातावाने आला, बाईंनी ऐकून घेतलं आणि एक इंच सोडला नाही. दुसऱ्या दिवशी टपरी रेघेच्या पलीकडे होती. बरोबर एक वीत पलीकडे.

"मारोती, हे काय रे?"

"बाई, मोजाया तुमीच शिकिवलं. टेप लावून मोजलंय. बगा तुमीबी."

बाईंनी खरंच टेप लावून पाहिलं. मग हसल्या. नंतर हे सांगताना त्या दर वेळी हसायच्या. तरी रोज शाळा सुटल्यावर टपरीसमोर उभ्या राहायच्या आणि त्याला बोटं घालायला लावायच्या. गिऱ्हाइकांसमोर. तोही घालायचा. बाईंना नाही म्हणायची त्याच्यात धमक नव्हती, आणि टपरी बंद करायची सोय नव्हती. पुढे गुटखा काउंटरखाली गेला आणि वर रंगीत पाकिटांच्या माळा लटकल्या, चिप्स, कुरकुरीत नळ्या, थंड पेयाच्या बाटल्या. मधल्या सुट्टीत पोरं रेघ ओलांडून तिथे जायला लागली. दोन-तीन वर्षांत वर्गातली काही मुलं बाकावर मावेनाशी झाली, कवायतीत धापा टाकू लागली. बाई एकदा फार कडवटपणे म्हणाल्या, "एक रोग रेघेच्या पल्याड हलवला मॅडम, तर त्याच्या जागी दुसरा आनून बसवला. आता ह्याला कोनती रेघ मारू?"

 

निवृत्त झाल्यावर त्या नांदेडला कायमच्या राहायला आल्या, पण मुखेडच्या आठवडी बाजाराचा दिवस चुकवत नसत. बाजारात सगळी गावं भेटतात. अशाच एका बाजारातून त्यांचा मला फोन आला. मारोतीची दोनच बोटं गेली होती, आणि दुसरं घासून.

त्या त्याला त्याच एसटीत घालून नांदेडला घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी मी दोघांना माझ्या गाडीतून दवाखान्यात नेलं. मारोती खुर्चीत, बाई त्याच्या उशाशी मास्तरणीसारख्या उभ्या, मी दाराशी. दातांची डॉक्टर तरुण होती, आपल्या ईराएवढी. तिने मारोतीचं तोंड नीट पाहिलं. सुपारीने आतून गाल कडक झाले होते, पण अजून वेळ गेली नव्हती. सगळं आत्ता सोडलं तर निभावेल, असं ती म्हणाली. बाईंनी त्याच्या पाठीत एक हलकी चापट मारली. "ऐकलं का? वाचलास."

मग हात पुसता पुसता डॉक्टर म्हणाली, "आजी, आता तुम्ही बसा. आलाच आहात तर बघते."

बाई मोकळेपणाने हसल्या. "माझं काय बगता? माझी तीन जातेत." आणि तिथेच उभ्या उभ्या तीन बोटं दातांत घालून दाखवली. सहज गेली. तरी त्या बसल्या, पोरीचं मन राखायला. डॉक्टरने अंगठ्याने त्यांचा खालचा ओठ बाहेर ओढला. दिवा जवळ आणला. मग आरसा फिरवून पुन्हा तिथेच पाहिलं.

"तोंडात काय ठेवता तुम्ही?"

"काहीच न्हाई."

"इथे खाली, ओठाच्या आत. रोज काहीतरी ठेवत असणार."

"दात घासते तेवढं. मिसरीनं."

ईरा, मिसरी म्हणजे काय हे तुला सांगायला हवं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि त्याची पूड करायची. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या बायका सकाळी उठल्या की बोटाने ती दातांना लावतात. दातांना लावता लावता थोडी ओठात राहते, आणि ती तशीच राहू देतात. मग दुपारी एकदा लावतात, मग संध्याकाळी. बाईंना ती त्यांच्या आईने लावायला शिकवली होती, परकर-पोलक्यातल्या असताना. चाकूरहून वर्षाची मिसरी डब्यात भरून यायची. तो डबा त्यांच्या मोरीच्या फळीवर असायचा, टूथपेस्ट जिथे आपण ठेवतो तिथे. मी शेकडो वेळा पाहिला असेन.

"आजी, मिसरी तंबाखूचीच असते," डॉक्टर हळू म्हणाली.

 बाईंनी परत तीन बोटं तोंडात घातली. काढली. परत घातली.

"पन माझी तीन जातेत ना."

"तीन बोटं सुपारी-गुटख्यासाठी ठीक आहेत. त्यात तोंड आखडतं. हे दुखणं वेगळं. यात तोंड उघडत राहतं, आणि आत जखम वाढत जाते."

 परत येताना गाडीत मागच्या सीटवरून मारोती म्हणाला, "बाई, मला वाटलं तुमाला ठाऊक हाय."

"ठाऊक व्हतं की," बाई समोर काचेतून बघत म्हणाल्या. "माय चुलीवर भाजायची, आमाला ठसका लागायचा. कशाची हाय ते ठाऊक व्हतं. पन तंबाखू म्हनून ठाऊक नव्हतं. दात घासायचं म्हनून ठाऊक व्हतं."

जखमेचा तुकडा तपासायला गेला आणि जे यायचं तेच उत्तर आलं. खालच्या जबड्याचा एक भाग आणि ओठाची एक बाजू काढावी लागली. मांडीची कातडी घेऊन तिथे लावली. बाईंचा तो आवाज गेला. जे शब्द यायचे ते ओले आणि जड यायचे, आणि लाळ सावरायला हातात रुमाल लागायचा. लातूरहून मुलगी सुनीता येऊन राहिली. मी सकाळी पातळ पेज द्यायला जायची. बाई पडदे ओढून बसलेल्या असत, तोंडाला ओढणी गुंडाळून, घरातसुद्धा. कुणाला भेटत नसत. दुखण्याने माणूस बसतं, पण बाई दुखण्याने बसल्या नव्हत्या. कॉलनीतल्या एका बाईंनी सुनीताला विचारलं होतं, "अगं, तुझी आई तर तंबाखूविरुद्ध होती ना?" ते आतल्या खोलीत ऐकू गेलं होतं.

त्यांना परत बाहेर काढलं ते मारोतीच्या बायकोने. सत्यभामा तिचं नाव. मारोतीने गुटखा सोडला होता, खाणं आणि विकणं दोन्ही. बाईंसाठी हुरड्याचं पीठ घेऊन ती एकटी एसटीने आली. दाराशी बसली, बाईंच्या ओढणीकडे पाहत राहिली, आणि तिला रडू आलं.

"बाई, आता आमी काय करावं? तुमी लावता म्हनून गावात समद्या लावतेत. माझ्या पोरीला मीच लावायला शिकिवलं. म्हनलं, बाईंचे दात बग कसे घट्ट हायेत."

सुनीता तिला गप्प करायला उठली. बाईंनी हाताने तिला थांबवलं. त्यांनी सत्यभामाला जवळ बोलावलं, तिच्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्याने तिचा खालचा ओठ ओढून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ओढणीआडून म्हणाल्या, "संक्रातीला कर हळदीकुंकू. तुज्या घरी. समद्यांला बोलीव."

विधवा बाईला आपल्याकडे हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. यजमान गेल्यापासून बाई कुणाच्या हळदीकुंकवाला गेल्या नव्हत्या. त्या दिवशी सत्यभामाच्या घरात दाटीवाटीने बायका बसल्या होत्या, त्यात मीही. सत्यभामा एकेकीला हळदीकुंकू लावत होती, आणि बाई तिच्या मागून प्रत्येकीच्या ओटीत वाण टाकत होत्या. वाण म्हणजे दात घासायचा ब्रश. बायका एकमेकींकडे बघून हसत होत्या. शेवटचं वाण दिल्यावर बाई मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी ओढणी सोडली.

हसू थांबलं. 

"मी लावत व्हते," बाई म्हणाल्या. शब्द नीट फुटत नव्हते, म्हणून दुसऱ्यांदा म्हणाल्या. "म्हनून तुमी लावलं. आता ह्ये बगा."

एक म्हातारी, तोंडात मिसरी असलेलीच, म्हणाली, "बाई, तुमच्या नशिबात व्हतं. माझी सासू लावत लावत म्हातारी होऊन गेली, तिला काय बी झालं न्हाई."

बाईंनी तिच्याशी वाद घातला नाही. तिच्यासमोर बसल्या आणि तिचा ओठ ओढून पाहिला. मग तिच्या शेजारणीचा. मग तिच्या शेजारणीचा. अंधारलेल्या कोपऱ्यात बसलेल्या बायकांना त्यांनी दारात, उन्हात बोलावलं. बायका निमूट उठून येत होत्या, कुंकू लावलेल्या कपाळाने, ओठ पुढे करून. त्यांतल्या दोघींना पुढच्या आठवड्यात नांदेडला आणावं लागलं. बाकीच्यांचं काय? खोटं कशाला सांगू. संध्याकाळी आम्ही गाडीत बसत होतो तेव्हा गल्लीत कुणाच्या तरी तव्यावर तंबाखू भाजल्याचा ठसका येत होता. बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाल्या, "सोडनार न्हाईत. मीबी सोडली नसती, कुनी सांगितलं असतं तरी."

त्या प्रत्येक बाजाराला मुखेडला जात राहिल्या. आता ओढणीशिवाय. तीन बोटं त्यांनी बंद केली नव्हती, पण त्याबरोबर ओठ ओढून बघणंही सुरू केलं. "माझी तीन जात व्हती," एवढंच सांगायच्या. वर्षभराने मानेत गाठ आली. डॉक्टरांनी आणखी काय काय करता येईल ते सांगितलं, आणि त्यानं काय होईल तेही. बाईंनी सुनीताकडे लातूरला जायचं ठरवलं. आपण आता परत येणार नाही हे त्यांनी मला सांगितलं नाही. मोरीची फळी मात्र रिकामी करून, पुसून ठेवली होती.

नांदेडच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. गाडी लोहा, अहमदपूर करत चाकूरवरून जाते, त्यांच्या माहेरावरून. सुनीताने त्यांना खिडकीची जागा दिली. मी खाली फलाटावर, त्या वर खिडकीत. बोलायला त्यांना त्रास होत होता. मी बरोबर दिलेल्या पाण्याच्या बाटलीबद्दल काहीतरी सांगत होते.

बाईंनी गजांतून हात बाहेर काढला आणि तीन बोटं दाखवली. मला वाटलं, निरोप आहे. मीही हात वर केला. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा बोटं दाखवली. मग मला कळलं. मी इकडेतिकडे पाहिलं. स्टँड भरलेला होता. पिशवी खाली ठेवली, तीन बोटं एकावर एक धरली आणि दातांमध्ये घातली.

त्यांनी मान डोलावली, पण हात आत घेतला नाही. अंगठ्याने त्यांनी स्वतःचा ओठ खाली ओढल्यासारखं केलं, जो ओठ त्या बाजूला नव्हताच. मी चष्मा डोक्यावर सारला, खिडकीच्या जवळ गेले, चेहरा वर केला आणि अंगठ्याने माझा ओठ ओढून धरला. बाई खिडकीतून वाकल्या. डोळे बारीक करून डावीकडून उजवीकडे पाहू लागल्या, सावकाश, वह्या तपासाव्या तसं. कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. मी दोन पावलं गाडीबरोबर चालले, ओठ तसाच धरून, आणि त्या बघतच होत्या.

गौरी-गणपतीत सुनीताचा फोन आला.

नीरज, येत्या रविवारी फोन लावशील तेव्हा खोलीत नको, खिडकीशी बस. उजेडात.